गुठळी आणि गुंतवळ

२०२२ चा श्रावण. सोमवार होता. आटगावात रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी सातला जरा उघडीप मिळाली, म्हणून सासूबाई तुळशीला पाणी घालायला अंगणात गेल्या. मी ओट्यापाशी साबुदाण्याची खिचडी परतत होते. बाहेर तांब्या पडल्याचा आवाज आला.

"काय हो आई, सांडलं का पाणी?" मी आतूनच विचारलं. उत्तर आलं नाही.

बाहेर जाऊन बघते तर आई वृंदावनाला टेकून उभ्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात नुसता लोंबकळतोय. काहीतरी सांगायचा आटापिटा चाललेला, पण तोंडातून फक्त "पा... पा..." एवढंच.

मैत्रिणींनो, त्या क्षणापासून पुढचा दीड तास मी काय केलं, ते आज इथे लिहिणार आहे. लिहिताना लाज वाटते. पण तुमच्यापैकी एखादीच्या घरी असा तांब्या पडला, तर तिने तरी माझ्यासारखं करू नये.

"वारं गेलंय अंगावरून"

आईंना कॉटवर आडवं केलं. शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या. "अगं, वारं गेलंय अंगावरून," एक काकू म्हणाल्या. मग कोणी तेल गरम करायला सांगितलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मला वाटलं, उपासाने चक्कर आली असेल. म्हणून चमच्याने साखरपाणी द्यायला गेले, तर ते सगळं ओठांच्या कडेने गळलं. ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं नाही हे नशीब! अशा वेळी तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नसतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आमचे हे पहिल्या पाळीला गेलेले. कसारा लोकलमध्ये फोन काही लागेना. कोणीतरी म्हणालं, पलीकडच्या पाड्यावर एक बाबा वाऱ्यावर मुळी देतो, त्याला बोलवू. एक जण त्याला आणायला गेलासुद्धा. मी त्याची वाट बघत आईंचा हात चोळत बसले.

साडेआठला शेजारची नर्सिंग शिकणारी मुलगी आली. तिने आईंना दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा वर गेला, उजवा हललाही नाही. ती माझ्यावर जवळजवळ ओरडलीच, "काकू, हा ब्रेन अ‍ॅटॅक आहे. मुळी नको, गाडी आणा!"

गाडी मिळाली. वाटेतल्या एका दवाखान्यात सलाइन लावलं आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणाले. तिथेही बराच वेळ गेला. मग हायवे, खड्डे, पडघा, भिवंडी बायपासची ट्रकची रांग... ठाण्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजायला आले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

नाव, वय, पैसे यातलं काही विचारलं नाही. आधी वेळ विचारली. "सातला," मी म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आईंना थेट सीटी स्कॅनला नेलं.

आधी बघायचं, फुटलंय की तुंबलंय

पक्षाघात दोन प्रकारचा असतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने तुंबते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलटे. फुटलेलीला गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर रक्तस्राव आणखी वाढेल. म्हणून सीटी स्कॅनशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं घरोघरच्या पक्षाघाताची नोंद ठेवली होती. पहिल्यांदाच झटका आलेल्यांत १०० पैकी सुमारे ८० जणांची वाहिनी तुंबलेली निघाली.

आईंचीही तुंबलेलीच होती. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी वाहिनी. बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं आणि उजवा हात-पायही तोच मेंदू चालवतो. म्हणून वाचा आणि उजवा हात दोन्ही गेले.

सव्वा अकराला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आमचे सव्वाचार झाले होते. पण मोठ्या वाहिनीतल्या गुठळीवर एकट्या इंजेक्शनचा भरवसा धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी लगेच सांगितलं, "जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढावी लागेल. सही करा."

या उपचाराला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी सरकवत सरकवत मेंदूपर्यंत नेतात. नळीतून तारेची एक चिमुकली जाळी गुठळीत नेऊन उघडतात, दोन-चार मिनिटं ती गुठळीत रुतू देतात आणि गुठळीसकट मागे ओढतात. नाहीतर जाड नळी गुठळीपाशी टेकवून ती शोषून घेतात. कधी दोन्ही एकदम.

आत आईंना नेलं आणि दार बंद झालं. मी बाकावर बसले. माझ्या हाताला अजून खोबरेल तेलाचा वास येत होता.

पांढऱ्या कापडावरचा तुकडा

पहिल्या खेपेला जाळी गुठळीवरून घसरून रिकामीच परत आली. दुसऱ्या खेपेला नुसता कण निघाला. तिसऱ्या खेपेला जाळी आणि शोषण दोन्ही एकत्र लावले, तेव्हा कुठे ती सुटली. एक वाजून गेला होता.

डॉक्टरांनी बाहेर येऊन पांढऱ्या गॉजवर ठेवलेला तुकडा दाखवला. माझ्या डोळ्यांसमोर काळंलाल, लिबलिबीत काहीतरी असेल असं होतं. पण तो फिकट होता, कडेला जरासा तांबूस. बोटाच्या पेराएवढाही नाही. चिमट्याने दाबला तर रबरासारखा पुन्हा तसाच झाला.

"ही चिवट जात," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या गुठळ्या सारख्या नसतात, ताई."

हे मला नवीनच होतं. गुठळी म्हणजे गोठलेलं रक्त, दह्यासारखं लागलेलं, एवढीच माझी समज. त्या दिवशी काही सुचत नव्हतं, पण पुढच्या तपासण्यांना जात राहिले तसं मी त्यांना विचारत गेले. त्यांनीही कंटाळा न करता समजावून सांगितलं.

गुठळीत मुख्यतः तीन गोष्टी असतात. रक्तातल्या तांबड्या पेशी, प्लेटलेट्स नावाचे चिकट कण आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोरे. दोऱ्यांचं जाळं, प्लेटलेट्सचा डिंक आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशी, असं म्हणा ना! हे तिन्ही प्रत्येक गुठळीत असतात, प्रमाण मात्र वेगळं. तांबड्या पेशी जास्त असल्या की गुठळी लाल आणि मऊ होते. दोरे आणि प्लेटलेट्स जास्त असले की ती पांढुरकी, घट्ट, चिवट होते.

"पण इंजेक्शन काय कापतं?" मी विचारलं.

"ते दोरेच कापतं. म्हणजे रक्तातच असलेल्या एका द्रव्याला ते जागं करतं आणि ते द्रव्य दोरे कापतं."

"मग जिच्यात दोरे जास्त, तिच्यावर ते जास्त चालायला हवं ना?"

डॉक्टर हसले. "बरोबर विचारलंत. पण कापायला आत शिरता तर आलं पाहिजे! लाल गुठळीत दोऱ्यांची वीण सैल असते, औषध आत झिरपतं. पांढरीत वीण इतकी घट्ट की औषध वरच्यावर राहतं. शिवाय प्लेटलेट्सवर या औषधाची मात्रा चालत नाही."

जाळीचंही तेच. मऊ गुठळीत जाळी रुतते. चिवट गुठळीत ती रुतत नाही, वरून घसरते. त्यात ही गुठळी वाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून बसते, ओढताना घर्षण जास्त होतं. म्हणून दोन-तीन खेपा लागतात. आणि प्रत्येक खेपेला वेळ जातो, वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होण्याची भीती वाढते. पहिल्याच खेपेला गुठळी आली तर रुग्ण बरा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हे जगभरच्या अनुभवातून दिसलं आहे.

मोरीतला धडा

खरं सांगू? हे सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं ते हॉस्पिटलात नाही, घरी मोरी साफ करताना.

आपली मोरी दोन गोष्टींनी तुंबते. कधी ताटातला भात जातो. तो मऊ असतो. दोन तांबे गरम पाणी ओतलं, काडीने ढोसलं की मोकळं. आणि कधी गुंतवळ अडकतो, विंचरलेल्या केसांचा. त्यावर कितीही पाणी ओता, तो फक्त ओला होतो. आकडा घालावा तर निसटतो. पहिल्या खेपेला दोन केस हाती येतात, दुसऱ्या खेपेला चार. साबणाच्या राड्याने तो नळीला असा चिकटतो की ओढताना सगळी नळीच उपटेल असं वाटतं.

आईंच्या मेंदूत गुंतवळ होता!

आणि भातही अगदी सरळ नसतो, बरं का. जोरात ढोसला की त्याची शितं पुढे जाऊन नळीच्या कोपऱ्यात अडकतात. मऊ लाल गुठळीचंही तसंच आहे. ती ओढताना फुटून तिचे कण पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊ शकतात. म्हणून काढणाऱ्याला दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं.

मग कोणती गुठळी आहे हे आधीच कळत नाही का? थोडा अंदाज येतो. तांबड्या पेशी जास्त असलेली गुठळी सीटीवर ठळक, उजळ दिसते. आईंच्या सीटीवर तशी दिसली नव्हती, म्हणून डॉक्टरांना शंका आलीच होती. पण हा अंदाजच. खात्री गुठळी बाहेर आल्यावरच होते.

काढलेली गुठळी फेकायची नाही

पूर्वी मेंदूतली गुठळी कोणाला बघायला मिळायची नाही, कारण ती काढताच यायची नाही. अमेरिकेत २००४ मध्ये अशा पहिल्या अवजाराला परवानगी मिळाली. बाटलीचं बूच काढायच्या वेटोळ्यासारखी ती तार होती. २००६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी २५ रुग्णांच्या काढलेल्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांचा अभ्यास छापला. तेव्हा लक्षात आलं की, गुठळी म्हणजे एकजीव गोळा नाही. आत थर आहेत, पट्टे आहेत, कुठे लाल तर कुठे पांढरं. आज अमेरिकेतलं मेयो क्लिनिक अनेक हॉस्पिटलांतून काढलेल्या गुठळ्या गोळा करून त्यांचा अभ्यास करतं. गुठळीच्या रचनेवरून ती हृदयातून आली की मानेच्या वाहिनीतून, हे ओळखता येईल का, यावर मात्र अजून एकमत नाही.

जाळीच्या अवजारांना अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१५ मध्ये चित्र पालटलं. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीसह पाच मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिलं की, मोठी वाहिनी तुंबलेल्यांना गुठळी काढल्याने खरोखर फायदा होतो. २०१८ मध्ये आणखी दोन चाचण्यांनी सांगितलं की, तपासून निवडलेल्या काही रुग्णांत अगदी २४ तासांपर्यंतही ती काढता येते. (पण म्हणून थांबायचं नाही! ही सवलत ज्यांचा मेंदू अजून तग धरून आहे त्यांनाच.)

आपल्याकडेही काम चाललं आहे. पुण्याची जेनोव्हा कंपनी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध बनवते. तासभर चालवायच्या औषधाऐवजी ते एका इंजेक्शनात देऊन होतं. भारतात पक्षाघातासाठी ते वापरात आल्यावर बऱ्याच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, टेनेक्टेप्लेजला अमेरिकेत या कामासाठी परवानगी मिळाली. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. शैलेश गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 'सुपरनोव्हा' या नव्या जाळीची 'ग्रासरूट' नावाची चाचणी भारतीय रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये तिचे निकाल जाहीर झाले.

आणि चिवट गुठळीसाठी? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२५ मध्ये एक गरगर फिरणारी पोकळ नळी दाखवली. ती गुठळीला शोषून धरते आणि फिरवून फिरवून तिचा घट्ट छोटा गोळा करते. दोरे तुटत नाहीत, आवळले जातात, आणि तांबड्या पेशी निसटून जातात. आपण फुलवात करताना कापूस तळहातांमध्ये वळतो आणि मूठभर कापसाची एवढीशी वात होते, तसं. प्रयोगशाळेत आणि डुकरांवर ते जमलं आहे. माणसांसाठी ते हॉस्पिटलात यायला अजून अवकाश आहे.

पण अवजार कितीही चांगलं असलं तरी माणूस तिथवर पोचायला हवा. 'मिशन थ्रॉम्बेक्टॉमी' ही जागतिक मोहीम चालवणारे मायामीचे डॉ. दिलीप यवगल आणि त्यांचे सहकारी यांनी ७५ देशांची पाहणी करून २०२३ मध्ये जे छापलं, ते वाचून मी सुन्न झाले. ज्यांना या उपचाराची गरज असते, अशा १०० जणांपैकी ३ जणांनाही तो मिळत नाही. आई त्या तिघांतल्या. केवढं नशीब म्हणायचं!

"वहिनी, दीड तास काय केलंत?"

नशीब म्हणायचं, पण नणंद आली तेव्हा मला तसं म्हणवेना. गौरी-गणपतीला आली ती. आई खुर्चीत बसलेल्या, उजवा हात मांडीवर मेलेल्यासारखा पडलेला. पाणी हवं असो, चहा हवा असो की उशी, सगळ्याला "पाणी" एवढा एकच शब्द. नणंदेने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"वहिनी, दीड तास काय केलंत?"

रागावून नाही, शांतपणे विचारलं. ते जास्त लागलं. मी मान खाली घातली. मनात म्हटलं, गुठळीच चिवट होती, त्याला मी काय करणार?

हीच पळवाट घेऊन मी पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे गेले. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की चूक गुठळीची, माझी नाही.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, गुठळी चिवट होती हे खरं. ती तशी असणं तुमच्या हातात नव्हतं. पण चिवट गुठळी काढायलाच वेळ जास्त लागतो, म्हणून तिच्यासाठी आमच्या हातात वेळही जास्त हवा असतो. शिवाय गुठळी बसल्या जागी बदलते. प्लेटलेट्स आवळत जातात, दोरे घट्ट होतात, आतल्या तांबड्या पेशी पिळल्यासारख्या दबतात. जितका उशीर तितकी ती आणखी आवळलेली. तुमच्या दीड तासाने किती फरक पडला, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पण एक लक्षात ठेवा, मऊ की चिवट, हे घरातून कोणालाच दिसत नाही. म्हणून निघताना ती चिवटच आहे असं धरून निघायचं."

त्यांनी मला माफ केलं नाही आणि फासावरही चढवलं नाही. तेच बरं झालं. मी नणंदेला फोन करून सगळं सांगितलं, मुळीवाल्याची वाट बघितली होती तेसुद्धा. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी असते तरी तेलच चोळलं असतं, वहिनी."

गोळी कोणी बंद केली?

आणखी एक गोष्ट उशिराच उघडी पडली. आईंच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. आदल्या वर्षीच तसं निदान होऊन रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली होती. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरला की त्यात रक्त साचतं, तिथे गुठळी होते आणि सुटून मेंदूत जाते. अशा माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. गोळीने तो दोन-तृतीयांश कमी होतो.

पण या गोळीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. आषाढात भातलावणी सुरू झाली, कल्याणला खेप कोण मारणार? हिरडीतून थोडं रक्त आलं होतं, त्यानेही आई घाबरल्या होत्या. "बरं वाटतंय, कशाला हवी गोळी," म्हणत त्यांनी ती सोडली. डबीत गोळ्या उरताहेत हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

बायांच्या बाबतीत याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप आलेला असतो. तो विसरला जातो, पण हृदयाची झडप अधू करून जातो. मग ऐन चाळिशीतच ठोके बिघडतात. धाप लागते, छातीत धडधडतं आणि आपण म्हणतो, कामाचा शीण. कधीतरी मनगटावर बोटं ठेवून बघा. नाडी एका तालात चालत नसेल, मध्येच चुकत असेल, तर ईसीजी काढून घ्या. त्याला फार खर्च येत नाही. तंबाखू आणि मशेरी सोडा. रक्तदाब मोजून घ्या.

दाराच्या आत चिकटवायचा कागद

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला मी आता एक कागद चिकटवला आहे. तुम्हीही उतरवून घ्या.

• तोंड : हसायला सांगा. एक बाजू खाली येते का?
• हात : दोन्ही वर करायला सांगा. एक खाली पडतो का?
• बोल : एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. अडखळतं का, भलतंच येतं का?
• एकाएकी तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, हीसुद्धा लक्षणं आहेत.
• यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहून घ्या आणि १०८ ला फोन करा.
• खायला-प्यायला काही देऊ नका. रक्तदाबाची किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी मनाने देऊ नका.
• रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावरही ठरतं.
• चोवीस तास सीटी स्कॅन कुठे होतो आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, ते आजच विचारून ठेवा. गुठळी काढायचा खर्च काही लाखांत जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मोठी वाहिनी तुंबली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी मांडला होता. माझ्या दीड तासाचा गुणाकार मी एकदा करून बघितला. पुन्हा केला नाही.

आता २०२५ च्या जूनपासून खुटघरला समृद्धी महामार्गावर चढता येतं, तिथून आमणे गाठता येतं. रस्त्यातला वेळ थोडा वाचेल. पण पहिला दीड तास आमचा रस्त्यात गेलाच नव्हता. तो घरात गेला होता, कॉटपाशी.

आई आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने अजून काही धरवत नाही, पण तुळशीला डाव्या हाताने पाणी घालतात. शब्द हळूहळू परत येताहेत. गोळी रोज रात्री मी स्वतः देते. रक्त तपासायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, आणि लावणी असो की कापणी, त्या दिवशी आम्ही लोकल पकडतो.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. फायब्रिन म्हटल्यावर सगळ्या गप्प होत्या. गुंतवळ म्हटल्यावर सगळ्या हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. तेलाची वाटी घेऊन सर्वांत आधी धावत आलेल्या त्या काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग काय गं, आता वारं गेलं असं म्हणायचंसुद्धा नाही का?"

"म्हणा ना काकू," मी म्हटलं. "पण गाडीत बसल्यावर म्हणा."